वरचे की खालचे

६ ऑगस्ट

दादा,

'प्रिय' विसरले नाही, मुद्दामच लिहिलेलं नाही.

तीस वर्षांनी तुला पहिलं पत्र लिहितेय आणि विचारायचंय ते हे: पूल हाती पडला त्या दिवशी तुमच्या तुकडीतल्या लोकांच्या पँटचा रंग कोणता होता? राखाडी, की मातकट? रुमाल लाल होते हे सगळ्यांना माहीत आहे, पण तो गळ्यात बांधायचात की दंडाला, यावरून इथे दोन रविवार भांडण चाललंय.

हसू नकोस. विचारताना माझ्याच तोंडाला घाण चव आलीय.

मी दात बनवते. कवळ्या, कॅपा, सगळं. बाजारामागच्या गल्लीत माझी एका खोलीची लॅब आहे. एक भट्टी, एक पॉलिशचं यंत्र, आणि भिंतभर फळ्यांवर गावातल्या अर्ध्या लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे. मला काम पाठवणारे दातांचे डॉक्टर बाहेरगावचे, लढाई संपून पंधरा वर्षं झाल्यावर इथे आलेले. सज्जन माणूस. व्यसन एकच: इंचभर उंचीचे सैनिक रंगवायचे, टेबलावर मांडायचे, आणि टेपने अंतरं मोजत, फासे टाकत लढाया खेळायच्या. सायकलच्या दुकानावरच्या खोलीत दर रविवारी सकाळी सात-आठ पुरुष जमतात. माझा हात बारीक कामाचा, म्हणून डॉक्टरांनी आधी मला सैनिक रंगवायला दिले, मग खेळायलाही बसवलं. चार वर्षं मी परक्यांच्या, हजार वर्षं जुन्या लढाया खेळले. भालेवाले, घोडेस्वार. मजा येते, कबूल करते. मेलेला माणूस उचलून खोक्यात ठेवायचा, पुढच्या रविवारी तो पुन्हा ताठ उभा.

आता या लोकांना आपली लढाई खेळायचीय. तुम्ही नदीपलीकडचे वरचे विरुद्ध गाव धरून बसलेले खालचे. ऑक्टोबरात पूल तुम्ही घेतल्याला तीस वर्षं होतात ना, तर नगरभवनाच्या सभागृहात लोकांसमोर मोठं टेबल मांडायचं. नदी, पूल, बाजार, पंपहाऊस. हो, पंपहाऊससुद्धा. डॉक्टरांनी जुने नकाशे काढून पुठ्ठ्याचं केलंय. छपराला पत्र्याची पन्हळसुद्धा आहे.

गेल्या रविवारी बाजू निवडायच्या होत्या. आणि सगळ्यांचे हात वर, वरच्यांसाठी! का, तर तुमचे रुमाल छान, तुमची गाणी छान, आणि शेवटी तुम्ही हरलात. तीस वर्षांनी हरलेली बाजू काय देखणी दिसते रे! ज्यांचे बाप तुमच्या तोफांच्या धाकाने तळघरात चड्डी ओली करत होते, ते आज "मला वरचे द्या, मला वरचे द्या" म्हणून पोरांसारखे रडवेले झाले होते. डॉक्टर म्हणाले, "अहो, कुणीतरी खालचे व्हायलाच हवं. नाहीतर गोळ्या झाडायच्या कुणावर?"

"मी तेव्हाही खालचा, आताही खालचा," साहेब म्हणाले. त्यांना तू ओळखत नाहीस, तू तोवर वरच्यांत गेला होतास. लढाईत ते खालच्यांचे लेफ्टनंट होते, आपल्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत सहा आठवडे मुक्कामाला. मग जमिनीच्या नोंदींच्या कचेरीत मोठे अधिकारी झाले, मुदतीआधीच निवृत्त झाले, आता आमचे अध्यक्ष. त्यांची कवळी मी बनवते.

मग सगळे माझ्याकडे वळले. मी पंपवाल्याची मुलगी, वरच्यांनी मारलेल्या माणसाची. मी खालच्यांची, यात विचारायचं काय?

मी म्हटलं, "मला वरचे."

आमच्यातले वयस्कर शिंपीकाका चष्म्यावरून बघत म्हणाले, "पोरी, नक्की?"

नक्की. का ते तुला सांगते, त्यांना सांगितलं नाही. बाबांना मारणारे लोक चिमटीत धरायचे होते मला. एवढेएवढे, इंचभर.

आई आहे. बरी आहे. या पत्राबद्दल तिला माहीत नाही. पत्ता जुना आहे, पोचलं तर पोचलं. रंग तेवढा कळव, बाकी काही लिहू नकोस.

बहीण


२ सप्टेंबर

दादा,

तुझं पत्र मिळालं. बाकी काही लिहू नकोस म्हटलं होतं, तर अडीच पानं!

'पँटी कुणाच्याच सारख्या नव्हत्या. माझ्या अंगात बाबांची जुनी तपकिरी होती, कंबरेला दोरी बांधून.' हे मी क्लबात सांगितलं नाही. 'मिश्र रंग' एवढंच सांगितलं. डॉक्टर खूश झाले, वहीत लिहून घेतलं. पण घरी येऊन मी एका सैनिकाला तपकिरी पँट रंगवली, आणि आता तो सैनिक माझ्या डोळ्यांत खुपतो.

आईने तुझी सगळी पत्रं परत पाठवली याचा तुला राग नाही, असं लिहितोस. बरं. त्याबद्दल आत्ता नको.

आणि मला मुंगी म्हणू नकोस. सत्तेचाळीस वर्षांची आहे मी.

रविवारी सरावाचा खेळ झाला. त्या खेळाचं तुला सांगते, कारण इथे कुणाला सांगण्यासारखं नाही.

डॉक्टरांनी सामान्य माणसांचं पाकीट मागवलं होतं. 'नागरिक, बारा नग.' तीनच नमुने, चार-चार वेळा: पेटी घेऊन पळणारी बाई, हात वर केलेला म्हातारा, मूल कडेवर घेतलेली बाई. नियम असा की नागरिक वाटेत आला तर सैनिकांची चाल दोन इंचांनी कमी. बस. माणसाची किंमत दोन इंच. आमच्यातल्या एकाने सुचवलं, नागरिक मेला तर एक गुण वजा करू या. दुसरा म्हणाला, "मग खेळ रटाळ होईल." पुढे पाऊण तास यावर गंभीर चर्चा. मी मूल कडेवर घेतलेल्या बाईचे ओठ रंगवत बसले होते. छान रंगवले. माझ्या बोटांची मला किळस आली.

आणि तेरावा नग पंपवाला. तो पाकिटात नव्हता, डॉक्टरांनी शेतकऱ्याच्या हातातलं फावडं कापून त्याचा केला. पंपहाऊसच्या आवारात त्याला उभा करायचा. जी बाजू तिथे आधी पोचेल तिने त्याला टेबलावरून काढायचं आणि सहा गुण घ्यायचे. तो कोण हे डॉक्टरांना ठाऊक नाही असं नाही, पंपहाऊसच्या भिंतीवरचा फलक त्यांनी वाचलेला आहे: 'वरच्यांनी पंपहाऊसमध्ये शिरून मारलेला कर्तव्यदक्ष सेवक.' पण फलकावरचा माणूस आणि मी, यांची गाठ त्यांच्या डोक्यात बसलीच नव्हती. शिंपीकाकांनी त्यांना कोपरखळी मारून कानात सांगितलं तेव्हा बिचाऱ्याचा चेहरा चुन्यासारखा झाला. "काढू या का तो?" मला म्हणाले. मी म्हटलं, "राहू दे."

आता ऐक. सातव्या फेरीला माझे लोक पूल ओलांडून आवारात घुसले. फासे माझ्या बाजूने पडत होते. समोर साहेब, त्यांच्या कपाळावर घाम. मला जिंकायचं होतं, दादा. टेप लावला, चार इंच, पोचले. पंपवाल्याला दोन बोटांत उचललं, खोक्यात टाकलं, "सहा गुण!" म्हणाले. मोठ्याने म्हणाले. आणि मग भान आलं.

उठून खाली गेले. दुकानाबाहेरच्या नळावर हात धुतले, साबण नव्हता तरी दोनदा धुतले. इतकं सोपं असतं ते. राग लागत नाही, काही लागत नाही. चाल तुमची असली की झालं.

परत वर गेले तर डॉक्टर फळ्यावरच्या तक्त्याकडे टक लावून उभे. प्रत्येक फेरी म्हणजे अर्धा तास, साडेसहापासून सुरुवात. त्यात गावाला पाठ असलेल्या दोन गोष्टी त्यांनी भरल्या होत्या. एक, बाबा रोज सकाळी सातला वाजवायचे तो पंपहाऊसचा भोंगा त्या दिवशी मध्येच तुटला, म्हणजे पंपवाला तेव्हा गेला. दोन, पूल तुमच्या हाती पडला नऊ वाजून पाच मिनिटांनी, कारण नगरभवनाचं घड्याळ तेव्हा बंद पडलं ते आजतागायत तसंच ठेवलंय.

"काहीतरी घोळ आहे," डॉक्टर म्हणाले. "भोंगा दुसऱ्या फेरीत तुटतो. वरचे सहाव्या फेरीपर्यंत नदीच्या पलीकडे आहेत. मग पंपवाल्याला मारलं कुणी?"

बाहेरचा माणूस! तीस वर्षं या गावात प्रत्येकाला दोन्ही वेळा तोंडपाठ आहेत. कुणी शेजारी-शेजारी लिहून पाहिल्या नव्हत्या.

साहेब म्हणाले, "एखादी टोळी पहाटे पोहून आली असेल."

"त्या आठवड्यात नदीला पूर होता. वर्तमानपत्रात आहे."

"डॉक्टर, तुम्ही दात बघा," साहेब हसत म्हणाले, आणि त्यांच्या हसण्यात मला माझेच दात दिसले.

शिंपीकाका टेबलावरच्या कापडाच्या कडेचा दोरा ओढत बसले.

म्हणून विचारते. तू आत पोचलास तेव्हा किती वाजले होते? बाबा कुठे होते? खरं लिही. तुझ्याकडून खोटं आलं तर मला ओळखता येईल असं म्हणणार होते, पण येणार नाही. तरी लिही.

बहीण


२७ सप्टेंबर

दादा,

तू लिहितोस, दहा वाजून गेले होते. पुढचं फाटक तोडून शिरलात. बाबा भोंग्याच्या साखळीखाली पडलेले, अंगावर ताडपत्री. गार झाले होते, रक्त काळं पडलं होतं. तू त्यांना टाकीमागे पुरलंस, आणि दोन दिवसांनी तुम्ही हटलात तेव्हा वळून बघितलंस.

मी हे पाच वेळा वाचलं. मला धक्का बसला असं लिहायला हवं. बसला नाही.

आणि खाली तू विचारतोस: 'मागचं फाटक मी आलो तर म्हणून बाबा उघडं ठेवायचे, हे मला माहीत होतं आणि त्यांना. खालच्यांना कसं कळलं?'

या ओळीवर मी आठ दिवस घालवले. त्या आठ दिवसांत सहा कॅपा आणि एक पूर्ण कवळी बनवली, इतकं नीट काम माझ्या हातून कधी झालं नसेल.

मी सांगितलं.

माझ्या वयाची ढाल पुढे करायची नाही, पण वय सतरा होतं हे खरं. लेफ्टनंट चोवीसचा. संध्याकाळी स्वयंपाकघरात येऊन बसायचा, माझ्याशी मोठ्या बाईशी बोलावं तसं बोलायचा. तू गेल्यापासून घरात माझ्याशी कुणी धड बोलत नव्हतं. आई रडायची, बाबा पंपाशी. एकदा तो म्हणाला, "तुझे वडील कडक शिस्तीचे दिसतात." आणि मी हसून म्हटलं, "कसली शिस्त! मागचं फाटक रोज उघडंच टाकतात. दादा कधी आला तर अडायला नको म्हणून." तो हसला. मीही हसले. मला वाटलं आपण गमतीदार बोललो.

चार दिवसांनी आम्हाला शाळेच्या तळघरात हलवलं. दुसऱ्या दिवशी सातला भोंगा सुरू झाला आणि तुटला. आईने माझा हात धरला होता. कुणीतरी येऊन सांगितलं, वरच्यांनी मारलं. मी ते घट्ट धरून ठेवलं. लोक म्हणत होते, फलक म्हणत होता, मी कशाला वेगळं म्हणू? कळत असलेली गोष्ट न कळल्यासारखी ठेवता येते, दादा. जागा लागते थोडी, पण ठेवता येते.

बुधवारी मी साहेबांकडे गेले. त्यांची खालची कवळी टोचत होती, ती घासून द्यायची होती. एरवी कवळ्या डॉक्टरांकडे बसवतात, पण मी म्हटलं, मीच येते. त्यांची बैठक ऐसपैस, कपाटात बिल्ले मांडलेले. ते खुर्चीत बसले, कवळी काढून माझ्या हातात दिली. दात काढलेल्या माणसाचं तोंड तू कधी जवळून बघितलं नसशील. मी रोज बघते. त्या दिवशी मात्र नजर कवळीवरच ठेवली.

त्यांचे दात हातात धरूनच मी विचारलं, "बाबांना कुणी मारलं?"

ते दचकले नाहीत. रुमालाने ओठ टिपले आणि फसफसत्या आवाजात म्हणाले, "आता कशाला?"

"मला हवंय."

"भोंगा वाजवायचा नाही असा हुकूम होता. आदल्या दिवशी मीच त्यांना समजावलं. म्हणे, गावाला वेळ कळायला नको? त्यात ते फाटक. मुलगा पलीकडे, फाटक उघडं, आणि बंदी असताना भोंगा. इशारा देतोय, दुसरं काय समजणार? मी म्हटलं, थांबवा त्याला. थांबवा, एवढंच म्हटलं." मग पुढे झुकून, अगदी मायेने, "फाटकाचं कुणी सांगितलं ते मी कुठेच लिहिलं नाही. तीस वर्षं तोंडातून शब्द काढला नाही. तुझ्यासाठी."

माझ्यासाठी! म्हणजे तीस वर्षं हा माणूस मला आपल्या उपकाराखाली ठेवून होता, आणि मी त्याच्या हिरड्यांची मापं घेत होते. प्रत्येक वेळी 'कुठे टोचतंय का साहेब' विचारत होते.

कवळी तिथेच मेजावर ठेवली. घासलेली नव्हती. ते म्हणाले, "अगं, बसवून तरी दे." मी निघून आले.

आणखी एक आहे. तेही आत्ताच लिहिते, नाहीतर पुन्हा हिंमत होणार नाही. तुझी पत्रं आईने परत केली नाहीत. आईला ती आलेली माहीतच नाहीत. पोस्टमन माझ्याच हातात द्यायचा. सगळी सतरा मी परत पाठवली, 'घेण्यास नकार' असं स्वतःच्या हाताने लिहून. तुझा पत्ता त्यावरूनच पाठ झाला. तू आत येऊन पोचलास तेव्हाची वेळ एखाद्या पत्रात असेल, याची मला भीती होती.

यावर उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

बहीण


२० ऑक्टोबर

दादा,

तू उत्तर दिलंस. चार ओळी. 'तू सांगितलं नसतंस तरी त्यांनी भोंग्यासाठी मारलं असतं, नसतंही. मला ठरवता येत नाही. पत्रांचं आईला सांग. तिला सांगेपर्यंत मला लिहू नकोस.' वाचून पहिल्यांदा वाटलं की मी खरंच तुझ्याशी बोलतेय.

सगळं सांगते, क्रमाने.

शनिवारी सकाळी सभागृह भरलं होतं. आठ फुटी टेबल, वर दिवे, दारात पुष्पचक्र. नगराध्यक्षांचं भाषण झालं: इतिहासाकडे खेळीमेळीने बघायला शिकलं पाहिजे. टाळ्या. डॉक्टरांनी हौसेने एक छोटा भोंगा आणलेला, दुसऱ्या फेरीला वाजवण्यासाठी. नंतर त्यांना स्वतःलाच कसंतरी झालं असावं, कारण तो भोंगा पाठीमागे लपवून ते उभे होते.

मी सुरुवातीलाच म्हटलं, "मी बाजू बदलतेय. मला खालचे द्या."

"आता? सगळं ठरलंय!" डॉक्टर म्हणाले.

"वरचे सगळ्यांनाच हवे होते ना? घ्या."

साहेब खालच्यांच्या बाजूला खुर्ची टाकून बसले होते. मी जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले. त्यांना हलता येईना, माणसं बघत होती.

पहिली फेरी झाली. दुसरी लागली. भोंगा काही वाजेना, मी डॉक्टरांना म्हटलं, "वाजवा." त्यांनी वाजवला, चिरका, लहानसा. मी आमच्या बाजूचे तीन सैनिक मागच्या फाटकातून आत नेले. टेप लावायची गरज नव्हती, दोन इंच. पंपवाल्याला उचललं आणि तळहातावर धरून सगळ्यांना दिसेल असा वर केला.

"पंपवाला मेला," मी म्हटलं. "सात वाजता. वरचे अजून नदीपलीकडे आहेत, बघा. याला खालच्यांनी मारलं. फाटक उघडं असतं हे त्यांना मी सांगितलं होतं. मी याची मुलगी."

मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

साहेब उठले. "हिला बरं नाही," म्हणाले. "बऱ्याच दिवसांपासून बरं नाही." आणि लोक त्यांच्याकडे बघून माना हलवायलाही लागले होते, इतकं ते सोपं होतं. तेवढ्यात शिंपीकाका उभे राहिले. बोलायची सवय नसलेला माणूस. म्हणाले, "भोंगा तुटला तेव्हा मी पुलाच्या या टोकाला होतो. पलीकडून कुणी आलेलं नव्हतं. हे मला तेव्हाच माहीत होतं." आणि बसले. पुढे एक शब्द नाही.

तुला वाटेल आता काहीतरी घडलं असेल. एक बाई उठून म्हणाली, "म्हणजे खेळ पुढे होणार की नाही? आम्ही लांबून आलोय." नगराध्यक्ष फोनवर बोलत बाहेर गेले. आमच्यातला एकजण नियमांची वही चाळत पुटपुटला, "पण खालच्यांनी त्याला काढला तर गुण कुणाला?" त्याला खरोखरच शंका होती! मला हसू आलं. मी बाहेर पायरीवर येऊन बसले. डॉक्टर मागोमाग आले, पाण्याचा पेला देऊन शेजारी बसले. चांगले आहेत ते. पण त्यांच्यासाठी मी यापुढे सैनिक रंगवणार नाही, हेही सांगून टाकलं.

फलक अजून जागेवर आहे. या आठवड्यात दोघांनी कवळीचं काम काढून घेतलं. साहेब रस्ता ओलांडून पलीकडून जातात. तोंड बसकं दिसतं, टोचणारी कवळी घालत नाहीत, दुसरीकडून अजून करून घेतलेली नाही.

आता आईचं.

शनिवारी दुपारीच, बाहेरून कुणी सांगायच्या आत तिच्यापुढे बसले. ती खिडकीशी मटार सोलत होती. आधी फाटकाचं सांगितलं. लेफ्टनंट, स्वयंपाकघर, मी काय बोलले, सगळं. तिने सोलणं थांबवलं नाही.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"तू त्याच्याशी बोलायचीस ते मला बाहेरच्या खोलीत ऐकू यायचं. भोंगा तुटला तेव्हा तुझा हात माझ्या हातात होता. तो असा गार पडला, की मला तेव्हाच कळलं. आणि तुझा भाऊ बापावर बंदूक उचलेल, हे मला हे गाव शिकवणार होतं का?"

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाला बोलू? बोलले असते तर तुला या गावात कुणी उभं केलं नसतं. एक गेला, एक पलीकडे. एक तरी माझ्याजवळ राहू दे म्हटलं." आणि शेंग मोडत म्हणाली, "पोर होतीस. बोलून गेलीस."

मला वाटलं, झालं. आता रडता येईल. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवायला वाकले, आणि वाकल्या वाकल्याच पत्रांचं सांगितलं. सतरा पत्रं.

तिचे हात थांबले. मग तिने माझं डोकं हलकेच बाजूला सारलं. मांडीवरचं ताट खाली ठेवलं. 

"तो जिवंत आहे, हेसुद्धा मला माहीत नव्हतं," ती म्हणाली.

मी खाली पडलेले दाणे वेचू लागले.

"त्याचं पहिलं पत्र आलं तेव्हा तू केवढी होतीस?"

"एकोणीस."

"आणि शेवटचं?"

"तीस-एकतीस."

"फाटकाचं सांगितलंस तेव्हा पोर होतीस," आई म्हणाली. "पत्रं परत केलीस तेव्हा नव्हतीस."

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. दोन दिवस कपाट उपसत होती; तुझा पत्ता लिहून मी तिच्या उशाशी ठेवला. तिसऱ्या दिवशी, म्हणजे काल, तिने स्वतः जाऊन तुमच्याकडच्या बसचं तिकीट आणलं. एकच. मी म्हटलं, सोबत येते. तिने मान हलवली, नको अशी.

हे पत्र पोस्टाने येणार नाही, तिच्याच पिशवीत ठेवतेय, पाकीट न चिकटवता. तिने वाटेत वाचलं तर वाचू दे. ती गुरुवारी दुपारी तीनच्या सुमाराला पोचेल, तेवढा निरोप मी आधी पाठवतेय. तिला उजव्या कानाने कमी ऐकू येतं, डाव्या बाजूला उभा राहा. रक्तदाबाच्या गोळ्या सकाळीच द्यायच्या, पिवळ्या डबीत आहेत. भूक नाही म्हणेल, तरी वाढ. चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, पण पायऱ्या उतरताना हात दिलेला तिला आवडत नाही. तुझा कदाचित चालेल.

माझ्याबद्दल तिला काही विचारू नकोस, माझी बाजूही मांडू नकोस. परत कधी येणार ते तिने सांगितलेलं नाही. मी तिची खोली झाडून ठेवीन.